बोपदेव, सासवड, नारायणपूर: सायकलवरचा एक दिवस, घड्याळ लावून

दर थंडीत ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "बोपदेव घाट चढलो, सासवडला मिसळ हाणली, संगमेश्वराचं देऊळ लांबूनच बघितलं, नारायणपूर राहूनच गेलं आणि परत येताना पार वाट लागली." पाय कमी पडले असा सगळ्यांचा समज असतो. पाय बहुतेकांचे पुरतात, चुकतो तो हिशेब.

तो हिशेब असा करतात: पुण्यात कोंढव्याच्या खडी मशीन चौकातून बोपदेव घाट, सासवड करत नारायणपूर जाऊन-येऊन सुमारे ६५ ते ७० किलोमीटर, आपण तासाला वीसने चालवतो, म्हणजे साडेतीन तास. सकाळी आठला निघू, जेवायला घरी. यात घाट मोजलेला नसतो. चहा, बूट काढणं-घालणं, कुलूप, फोटो, रस्ता विचारणं, देवळात टेकणं हेही नसतं. नीट बघत, खात-पीत केलेल्या या फेरीला मला नऊ ते दहा तास लागतात. म्हणजे दिवसभराची सरासरी तासाला सातच्या आसपास! हा आकडा आधी गळी उतरवा, मगच पुढचं वाचा.

खालचा क्रम मध्यम तयारीच्या माणसासाठी आहे. सलग ३५-४० किलोमीटर सायकल चालवलेली असावी आणि एखादा छोटा चढ पायाखालून गेलेला असावा. तेवढंही झालं नसेल तर आधी महिनाभर रविवारी सकाळी फक्त बोपदेव चढून उतरून या.

१. दिवस ठरवणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चपासून अकरानंतर देवळातल्या दगडावर पाय ठरत नाही. पावसाळ्यात घाट देखणा असतो, पण रस्ता निसरडा, दरडीचे दगड मध्येच पडलेले, आणि रविवारी भुट्टे खायला निघालेल्या गाड्यांची रांग. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या दिवसांत जाऊ नये.

वारही बघून ठरवा. नारायणपूरला दत्ताचं मोठं ठाणं आहे, त्यामुळे गुरुवारी आणि पौर्णिमेला गाड्या लांबपर्यंत लागतात. दत्तजयंतीला तर त्या बाजूला फिरकूच नका. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार या वाटेवरच्या तिन्ही शिवालयांसाठी (नारायणेश्वर, चांगावटेश्वर, संगमेश्वर) गर्दीचे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माऊलींची पालखी सासवडला मुक्कामाला असते आणि सोपानदेवांची पालखी तिथूनच निघते. ते दिवस वारकऱ्यांचे, सायकलवाल्यांनी वाट मोकळी ठेवावी.

साधा शनिवार सगळ्यात सोयीचा. रविवारीही चालेल, पण मग घाटात सकाळी सातच्या आत असायला हवं.

दिवे घाटाने का जाऊ नये? कारण तो रस्ता ट्रक आणि एसटीचा आहे. मस्तानी तलाव वरून छान दिसतो हे खरं, पण मागून डंपर येत असताना तो बघायला मान वळवता येत नाही. बोपदेवला गाड्या असतात, तरी अवजड वाहनं कमी.

२. सायकल, तीही चार दिवस आधी

आदल्या रात्री सायकल दुरुस्तीला काढणं ही या प्रवासातली सगळ्यात जुनी चूक. नवा ब्रेक-पॅड बसायला, नवी केबल ताणून सैल व्हायला दोन-तीन फेऱ्या जातात. म्हणून काम काही असेल तर बुधवारपर्यंत उरका आणि गुरुवारी वीस मिनिटं चालवून बघा.

टायरपासून सुरुवात करा. चाक हाताने फिरवत पूर्ण गोल बघा. चिरा, घुसलेली काच, बाजूला आलेला फुगवटा दिसतो का? हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. रुंद एमटीबी (माउंटन बाइक) टायरला डांबरावर साधारण ४० ते ५० पीएसआय, हायब्रिडला ६० ते ७० पुरतात. मऊ टायरने घाट चढणं म्हणजे मागे पोतं बांधून चढणं.

मग ब्रेक. लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर ही सायकल घाट उतरायच्या लायकीची नाही.

गिअरचं शेवटी. सगळ्यात हलका गिअर, म्हणजे पुढची लहान आणि मागची मोठी चकती, खरोखर पडतो का ते चालवून तपासा. एरवी शहरात त्याची गरजच लागत नाही, त्यामुळे तो पडत नाही हे माणसाला घाटाच्या पहिल्या वळणावर कळतं. चेन तिथेच उतरते आणि हात काळे होतात.

थांबा, हे बघा: तुमच्या ट्यूबचा वॉल्व्ह कोणता? मोटारीसारखा जाड असेल तर रस्त्यावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक, टोकाला छोटी फिरकी असलेला असेल तर पेट्रोल पंपावरचं नळीचं तोंड त्याला बसत नाही. मग स्वतःचा पंप किंवा छोटं पितळी ॲडाप्टर जवळ हवंच. जादा ट्यूब घेतानाही चाकाचा आणि वॉल्व्हचा माप बघून घ्या. दुकानदार "चालेल" म्हणतो, ते त्याच्या दुकानात चालतं.

३. पिशवी

पाठीवर सॅक नको. घाटात पाठ भिजते आणि दुपारी खांदे भरून येतात. सीटखाली छोटी पिशवी, हँडलला एक, जमलं तर कॅरिअर. त्यात काय असावं:

हवा-पंप, एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), पॅचचा डबा, षटकोनी पान्यांचा संच, जुना टूथब्रश आणि एक फडकं. पुढे पांढरा, मागे लाल दिवा. हेल्मेट. पाण्याच्या दोन बाटल्या आणि ओआरएसची दोन पाकिटं. चार केळी, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. ओळखपत्र. आणि रोख पैसे, सुट्टे. खेड्यातला चहावाला क्यूआर लावतो, पण नेटवर्क गेलं की तो आणि तुम्ही एकमेकांकडे बघत बसता.

आता ज्या तीन वस्तू लोक हमखास विसरतात त्या.

*कुलूप.* "गावात कोण नेतंय" म्हणून घेत नाहीत. चोरीची भीती कमी आहे हे कबूल, पण कुलूप नसलं की अर्धं लक्ष बाहेर राहतं आणि देऊळ पाच मिनिटांत उरकलं जातं. साधं तारेचं कुलूप पुरे.

*चपला.* तळाला क्लीट (पेडलमध्ये अडकणारा कडक तुकडा) असलेले बूट घालणाऱ्यांनी तर नक्कीच. चांगावटेश्वराच्या दगडी पायऱ्यांवर क्लीट घालून एकदा उतरलो होतो. तीन पायऱ्या पाठीवर गेलो, कोपर महिनाभर दुखत होतं. तेव्हापासून हँडलच्या पिशवीत रबरी चप्पल असते.

*पंचा किंवा लुंगी.* सायकलची तंग चड्डी घालून गाभाऱ्यात शिरणं गावातल्या म्हाताऱ्यांना खटकतं. तोंडावर ते काही बोलत नाहीत, पण बोलायचंही थांबवतात. कमरेला पंचा गुंडाळला की तेच आजोबा तुम्हाला देवळाच्या मागची बाजू दाखवायला उठतात. घाम पुसायला, झाडाखाली अंथरायलाही तोच. माझ्या मते या यादीतली सगळ्यात उपयोगी वस्तू.

४. घाट: सव्वासहा ते साडेसात

खडी मशीन चौक, सकाळी सव्वासहा. येवलेवाडीपर्यंतचा पट्टा दिवे लावून, अगदी डावीकडून. इथे खडीच्या गाड्यांमुळे रस्त्याच्या कडेला बारीक कच सांडलेली असते, तिच्यावर एकदम ब्रेक मारू नका. उजाडता उजाडता घाटाच्या पायथ्याशी पोचायचं, त्याआधी नाही. अंधारात, तेही एकट्याने, या घाटात जाऊ नये.

चढ चारेक किलोमीटरचा. चुका इथेच सर्वांत जास्त होतात, म्हणून क्रम सांगतो:

पायथ्याशी थांबा, जाकीट काढा, दोन घोट पाणी प्या. चढ सुरू व्हायच्या *आधी* हलका गिअर टाका. पाय अडल्यावर जोर लावून गिअर बदलला की चेन उतरते. पहिला किलोमीटर मुद्दाम हळू, सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतका हळू. दम लागून वाक्य तुटायला लागलं की अजून हलका गिअर. वळणावर आतली बाजू उभी असते, त्यामुळे मागे गाडी नसेल तर थोडं बाहेरून घ्या. गाडी असेल तर आतूनच, आणि उतरून चालत गेलात तरी चालेल. सायकल ढकलत घाट चढण्यात लाज नाही. मी चार वर्षं अर्धा घाट ढकलतच नेला.

पुढच्याशी शर्यत लावू नका. तो माणूस घाट चढून परत घरी जाणार असतो, तुमचा दिवस अजून सुरूही झालेला नाही.

माथ्यावर दहा मिनिटं. एक केळं, अर्धी बाटली पाणी, आणि अंगावर पुन्हा जाकीट. हे जाकीट लोक विसरतात. घामाने ओलं अंग घेऊन थंडीत पुढचा उतार घेतला की पोटऱ्यांत गोळे येतात.

इथे मोह आवरा: बोपगावच्या डोंगरावरचा कानिफनाथ खुणावतो. त्याला वेगळा दिवस द्या. पुरंदर किल्ला आणि जेजुरीलाही हेच लागू. पुरंदरचा चढ बोपदेवपेक्षा अवघड आहे आणि जेजुरी सासवडच्या पलीकडे आणखी सतराएक किलोमीटर. "आलोच आहोत तर" या तीन शब्दांनी जितक्या सहली बिघडल्या तितक्या पंक्चरने नाही.

५. सासवड ओलांडा, थांबू नका

माथ्यापासून चांबळी, हिवरे करत सासवडपर्यंत रस्ता बहुतेक उताराचा. पाय मोकळे होतात, वेग मिळतो. गावांच्या तोंडाशी रंग न मारलेले गतिरोधक आहेत, शाळेची पाटी किंवा वडाचा पार दिसला की बोटं ब्रेकवर हवीत. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर भेटतात. मागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मागची ट्रॉली वळणावर आत घेते. ओलांडायची घाई नको.

सव्वाआठला सासवड. इथे नाश्ता, फक्त अर्धा तास. पोहे, उपीट, इडली, काहीही चालेल. तर्रीची मिसळ आत्ता नको. पुढे हलका चढ आहे आणि ती तर्री त्या चढावर परत भेटते. मिसळीवर माझा राग नाही, ती दुपारी खा.

बहुतेकांचा क्रम इथेच मोडतो. सासवडमध्येच संगमेश्वर आहे, जवळ आहे, म्हणून ते आधी बघायला जातात. तिथे तास जातो, ऊन चढतं आणि नारायणपूर रद्द होतं. नियम एवढाच: सगळ्यात लांबचं सगळ्यात आधी, परतीच्या वाटेवरचं नंतर. नारायणपूरला जाताना चढ आहे, येताना उतार. चढ थंडीत, उतार उन्हात.

पावणेनऊला नारायणपूर रस्त्याला लागा, अंतर दहा-अकरा किलोमीटर. पुरंदरचा डोंगर समोर मोठा होत जातो. कडेला अंजिराच्या, सीताफळाच्या बागा आहेत. बागेत न विचारता शिरू नका. रस्त्यावर पाटी घेऊन बसलेल्या मावशींकडून घ्या, पण येताना. जाताना घेतलेली अंजिरं पिशवीत चेंदली जातात, हा स्वानुभव.

६. नारायणेश्वर: पावणेदहाच्या सुमारास, पाऊण तास

गर्दी दत्तमंदिराकडे वळते. यादवकालीन नारायणेश्वर त्याच गावात आहे आणि अनेक जण त्याच्या शेजारून निघून जातात. सायकल मोकळ्या जागी, झाडापासून दूर लावा. सावली बघून बाभळीखाली लावलीत तर परत आल्यावर चाक बसलेलं सापडेल.

आत शिरण्याआधी बाहेरून एक प्रदक्षिणा करा. मग दाराच्या चौकटीपाशी थांबा. कोरीव काम वरून बघायची सवय असते, इथे उंबऱ्यापासून वर नजर न्या. आत अंधार असतो. डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात, ती द्या, मोबाइलचा दिवा पेटवू नका. गाभाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय नको.

घड्याळ बघा: इथून निघायला पावणेअकराच्या पुढे वाजले असतील तर चांगावटेश्वर वीस मिनिटांत उरकायची तयारी ठेवा. अकरा वाजून गेले असतील तर सासवडमधलं एक ठिकाण आत्ताच यादीतून काढा. तिथे गेल्यावर काढू म्हटलं की काढवत नाही.

७. चांगावटेश्वर आणि संगमेश्वर

परतीच्या उतारावर, सासवड जवळ आलं की कऱ्हेच्या काठी चांगावटेश्वर. चांगदेवांच्या नावाशी जोडलेलं, पायऱ्या चढून जायचं, झाडीतलं. रस्त्यावरून वेगात येताना फाटा चुकतो, म्हणून आधी एका ठिकाणी थांबून विचारा. "चांगावटेश्वर कुठे" असं विचारलं की लगेच कळतं, "जुनं देऊळ कुठे" विचारलंत तर चार जण चार दिशा दाखवतील, कारण इथे जुनी देवळं बरीच.

सायकल पायऱ्यांच्या खाली, कुलूप लावून. चपला घाला, बूट हातात नको. साडेअकरापर्यंत इथे निवांत बसा. तिन्ही ठिकाणांत शांत हेच, त्यामुळे चिक्की इथे खायची, पण कागद खिशात.

संगमेश्वर अगदी सासवडला लागून, कऱ्हा आणि चांबळी नदीच्या संगमावर. बाराच्या सुमारास पोचाल, दगड तापायला लागलेला असेल. मोजे घालून फिरता येतं, मी तेच करतो. घाटाच्या पायऱ्या, नंदी, दीपमाळा असं खालून वर बघत जा. नदीला पाणी किती हे ऋतूवर, उन्हाळ्यात पात्र कोरडं दिसलं तर नशिबाला दोष देऊ नका.

एक विनंती. दीपमाळेला किंवा कोरीव खांबाला सायकल टेकवून फोटो काढू नका. पेडलने दगडाला ओरखडा जातो आणि चेनचं तेल लागतं, ते निघत नाही.

वेळ आणि पाय उरले असतील तर गावात पुरंदरे वाड्याचा दरवाजा आणि बुरूज बाहेरून बघता येतात, सोपानदेवांच्या समाधीलाही जाता येतं. नसतील तर जेवायला चला.

८. जेवण आणि परतीचा चढ

साडेबाराला जेवण. आता मिसळ, नाहीतर भाकरी-पिठलं. पोटाला तडस लागेपर्यंत नको, शिखरण-बासुंदी अजिबात नको. जेवल्यावर पाऊण तास टेका. पाण्याच्या दोन्ही बाटल्या भरून घ्या, एकीत ओआरएस.

आता या वाटेची सगळ्यात मोठी फसगत. "परत जाताना घाट उतरायचाच आहे" असं समजून लोक निर्धास्त होतात. घाट उतरायचा आहे हो, पण त्याआधी घाटमाथ्यापर्यंत पोचायचं आहे. सकाळी सुखाने उतरलेला तो चौदा-पंधरा किलोमीटरचा पट्टा आता चढाचा आहे. चढ डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतो. वरून पश्चिमेचा वारा असला की तो नेमका तोंडावर. सकाळी पाऊण तासात आलेलं अंतर परतताना दीड तास खातं. सायकल जड लागतेय म्हणून ब्रेक घासतोय का ते लोक उतरून बघतात. ब्रेक घासत नसतो.

उपाय: दोनला निघा, उशिरात उशिरा साडेतीनला. हलका गिअर टाका आणि वेगाकडे बघू नका. दोघं-तिघं असाल तर एकामागे एक चला, पाच-पाच मिनिटांनी पुढचा बदला. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान लागायची वाट न बघता. साडेतीनलाही निघणं जमलं नाही तर सासवडहून सायकल टेम्पोत टाका. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो.

माथ्यावर थांबून ब्रेक पुन्हा दाबून बघा, दिवे लावा, मग उतरा. सतत ब्रेक धरून ठेवू नका, रिम तापते. दाबा-सोडा, दाबा-सोडा, दोन्ही ब्रेक मिळून. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. दमलेल्या हाताने आणि घराच्या ओढीने उतरताना माणूस सकाळपेक्षा बेफिकीर असतो.

पंक्चर झालं तर

नवी ट्यूब टाकली आणि दोनशे मीटरवर पुन्हा चाक बसलं, ही तक्रार नेहमीची. कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. या भागात रस्त्याच्या कडेच्या मातीत सराटे असतात. काट्याचं टोक आतून जेमतेम दिसतं.

म्हणून क्रम असा. चाक काढा, टायरची एक बाजू उचला, ट्यूब काढा. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा. मग ट्यूब टायरवर ठेवून त्याच जागेशी टायर तपासा. आतून फडकं फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे काटा. तो आतून बाहेर ढकलून काढा. त्यानंतरही पूर्ण टायर एकदा फडक्याने पुसा, कारण सराटे एकेकटे येत नाहीत. नवी ट्यूब किंचित हवा भरून मगच बसवा, नाहीतर लिव्हरखाली चिमटून दुसरं भोक तुम्हीच पाडाल. टायर शेवटी हाताने बसवा. हे एकदा घरी, गच्चीवर, करून बघितलेलं असेल तर रस्त्यावर वीस मिनिटं लागतात, नसेल तर दीड तास आणि भोवती आठ सल्लागार.

घरी पोचल्यावर आंघोळीआधी एक काम करा. दोन्ही टायर दिव्याखाली फिरवून बघा आणि रुतलेले काटे चिमट्याने काढा. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना चाक बसलेलं सापडतं, ते पंक्चर बहुतेक वेळा शनिवारी नारायणपूर रस्त्यावरच झालेलं असतं.